ताऱ्याची प्रत कशी काढावी: देवगडच्या सड्यावरून

एकट्या ताऱ्याकडे बघून त्याचं तेज किती हे कुणालाच सांगता येत नाही. शेजारी दुसरा तारा लागतो, ज्याचं तेज आधी मोजून ठेवलेलं आहे. आणि तो दुसरा तारा आभाळात साधारण तितक्याच उंचीवर असावा लागतो. वहीपेन्सिल घेऊन अंगणात बसणाऱ्यापासून मोठ्या वेधशाळेपर्यंत सगळ्यांचं काम या दोन अटींवर चालतं. पहिली अट पुस्तकात पहिल्याच पानावर असते. दुसरी बहुतेक वेळा तळटीपेत जाते, आणि समुद्रकाठी राहणाऱ्यांसाठी तीच जास्त महत्त्वाची आहे. आपल्याकडची हवा दमट, खारी. फेब्रुवारीनंतर तिच्यात वणव्यांचा आणि भाजवळीचा धूर मिसळतो. ही हवा ताऱ्याचं तेज खाते, आणि खालच्या ताऱ्याचं वरच्यापेक्षा कितीतरी जास्त खाते.

माझी हापूसची कलमं देवगड तालुक्यात कातळावर आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मोहराचे दिवस, तेव्हा संध्याकाळी फवारणी आटोपली की मी सड्यावरच, म्हणजे या कातळाच्या माळावरच, थांबतो. एप्रिल-मे राखणीचे, तेव्हा रात्री मांगरातच जातात. आभाळ उघडं, आजूबाजूला दिवा नाही. पश्चिमेला मात्र मच्छीमारी बोटींच्या दिव्यांनी क्षितिज उजळलेलं असतं, त्यामुळे समुद्राच्या बाजूचे खालचे तारे मी मोजायला घेत नाही.

आकडा लहान, तारा मोठा

ताऱ्याच्या तेजाला आपण प्रत म्हणतो. पहिल्या प्रतीचा तारा ठळक, सहाव्या प्रतीचा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा. नव्या माणसाला हे उलटं वाटतं, पण आमच्याकडे ते समजवायला वेळ लागत नाही: चार डझनी पेटीतलं फळ मोठं आणि सात डझनी पेटीतलं बारीक, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

ही पद्धत जुनी आहे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात हिपार्कसने ताऱ्यांची यादी केली, आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या यादीत हजारावर तारे सहा प्रतींमध्ये वाटलेले मिळतात. सगळं डोळ्यांच्या अंदाजाने. १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन या इंग्रज ज्योतिर्विदाने तिला गणिताची बैठक दिली. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या शंभरपट तेजस्वी, असं त्याने ठरवून टाकलं. पाच पायऱ्यांत शंभरपट, म्हणजे एका पायरीला २.५१२ पट. दोन प्रतींचा फरक म्हणजे ६.३ पट, तीन प्रतींचा जवळजवळ १६ पट. पहिल्या प्रतीच्याही पलीकडचे तारे शून्यावर आणि त्याखाली उणे आकड्यांत जातात. अभिजित ०.०३, अगस्ती उणे ०.७४, व्याध उणे १.४६. पौर्णिमेचा चंद्र उणे १२.७ आणि सूर्य उणे २६.७, या दोघांत १४ प्रतींचा फरक, म्हणजे सूर्य पूर्ण चंद्राच्या सुमारे चार लाख पट झगझगीत.

हाच पॉगसन १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आला आणि १८९१ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये दक्षिण आकाशातला आर रेटिक्युली हा तारा तेज बदलतो, हे शोधून काढलं. या कामात आपल्या देशातल्या माणसाचं नाव इतकं आधीपासून आहे, हे शाळेत कधी कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आधी हवा मोजा

तेज बदलणाऱ्या ताऱ्याकडे वळण्याआधी आपल्या हवेची ओळख करून घ्या. त्यासाठी देवगडच्या आभाळात एक फार चांगली जोडी आहे, व्याध आणि अगस्ती. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री सव्वादहाच्या सुमाराला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. दोघे जवळपास एकाखाली एक येतात. वरचा, निळसर पांढरा, तो व्याध. क्षितिजापासून ५७ अंशांवर. खालचा तो अगस्ती. सर्वांत वर आला तरी २१ अंशांच्या पुढे जात नाही. अंश मोजायला हात सरळ लांब करून मूठ धरा, मुठीची रुंदी साधारण १० अंश. अगस्तीखाली दोन मुठी मावतात. दिल्लीवाल्यांना तो एका मुठीएवढाही वर येत नाही, तेव्हा आपण सुदैवी.

माझी पुतणी पहिल्यांदा वर आली तेव्हा बराच वेळ दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि अगस्तीकडे बोट करून म्हणाली, "काका, ह्यो पुस्तकात सांगतत तितको मोठो दिसना नाय." तिचं बरोबर होतं. पुस्तकातल्या प्रतींप्रमाणे दोघांत ०.७२ चा फरक, म्हणजे व्याध अगस्तीच्या दुप्पटही नाही, किंचित कमीच. सड्यावरून मात्र तो सरळ तिप्पट दिसतो. मधली ही तफावत हवेची.

हिशेब असा. तारा अगदी डोक्यावर असला की त्याचा प्रकाश हवेच्या एका थरातून येतो. तो ३० अंशांवर असला की दोन थरांतून, २० अंशांवर जवळजवळ तीन, १० अंशांवर साडेपाचांहून जास्त. समुद्रसपाटीला स्वच्छ रात्री एक थर सुमारे पाव ते ०.३ प्रत खातो. ०.३ धरू. व्याधासाठी सुमारे १.२ थर, म्हणजे ०.३६ प्रत गेली. अगस्तीसाठी २.८ थर, म्हणजे ०.८४ गेली. दोघांच्या नुकसानीत ०.४८ चा फरक पडला, तो मूळच्या ०.७२ मध्ये मिळवा: १.२ प्रत. १.२ प्रत म्हणजे तिप्पट. मार्चमध्ये आजूबाजूच्या वाड्यांवर कवळं जळू लागली की एक थर अर्धी प्रतसुद्धा खातो, आणि मग तोच व्याध अगस्तीच्या चौपट दिसतो. तारे तेच असतात.

म्हणून नियम असे. ३० अंशांखालचा तारा मोजायला घेऊ नका. ज्या दोन ताऱ्यांची तुलना करायची त्यांच्या उंचीत एक मुठीपेक्षा जास्त फरक नको. दोघेही साठाच्या वर असतील तर थोडं सैल सोडलं तरी चालतं, कारण तिथे थरांत फरक फारसा पडत नाही. आणि हवा कशी होती ते वहीत दर वेळी लिहा. खारं वारं पडून मतलई सुटली की तासाभरात आभाळ निवळतं, असा माझा अनुभव आहे. शक्य असेल तर तेवढं थांबा.

डोळ्यांनी प्रत काढणं: काक्षी

सुरुवात काक्षीपासून करावी, म्हणजे आर्द्रा नक्षत्राचा तांबूस योगतारा (मुख्य तारा), बेटेलजूस. मृगाच्या चौकटीतल्या चार ताऱ्यांत तांबडा हा एकच, त्यामुळे चुकत नाही. हा तारा सुमारे शून्य ते १.६ प्रतीच्या दरम्यान हेलकावे खातो. दुर्बीण लागत नाही. उलट दुर्बिणीत तुलनेचे तारे एका नजरेत येत नाहीत, म्हणून ती नकोच.

तुलनेचे तारे पाठ करून ठेवा. प्रश्वा (प्रोसिऑन) ०.४, रोहिणी ०.९, पुनर्वसूतला पोलक्स १.१ आणि मृगाचाच दुसरा खांदा बेलाट्रिक्स १.६. रोहिणी आपल्यासाठी खास आहे: देवगडचा अक्षांश आणि रोहिणीची क्रांती, म्हणजे आभाळातला तिचा अक्षांश, दोन्ही साडेसोळा अंशांच्या आसपास, म्हणून ती रोज अगदी आपल्या माथ्यावरून जाते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री दहाला काक्षी जवळजवळ डोक्यावर असतो, रोहिणी पश्चिमेला कललेली आणि प्रश्वा पूर्वेकडून चढत असतो, दोघेही ६५ अंशांच्या आसपास. उंचीची अट इतकी नेमकी जुळते की ही संधी सोडू नये. पौर्णिमेच्या मागचे-पुढचे दिवस तेवढे टाळा.

आता कृती. बॅटरी बंद करून वीस मिनिटं, जमल्यास अर्धा तास, अंधारात बसा. मोबाइल खिशात. वही लिहायला लाल कागद लावलेली बॅटरी. कातळावर फुरसं असतं, त्यामुळे पायात बूट घाला आणि जागेवर बसण्याआधी एकदा पांढऱ्या उजेडात सगळीकडे नीट पाहून घ्या. हे मी कुणालाही सांगायला विसरत नाही.

डोळे सरावले की आधी काक्षीपेक्षा नक्की ठळक कोण ते ठरवा, मग नक्की फिका कोण ते. समजा प्रश्वा ठळक वाटला आणि रोहिणी फिकी. म्हणजे काक्षी या दोघांच्या मध्ये. मधल्या अंतराचे मनात पाच भाग करा आणि स्वतःला विचारा, काक्षी कुणाच्या जास्त जवळ आहे, आणि किती. प्रश्वापासून दोन भाग आणि रोहिणीपासून तीन भाग वाटलं, तर प्रश्वा ते रोहिणी अंतर ०.५, त्याचे पाच भाग ०.१ चे, दोन भाग म्हणजे ०.२. काक्षीची प्रत ०.४ अधिक ०.२, म्हणजे ०.६. झालं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या आर्गेलांडरने ज्या पायऱ्यांच्या पद्धतीचा प्रसार केला, तिच्या जवळची ही रीत. सराव झालेला डोळा यात दशांश प्रतीपर्यंत पोचतो.

तांबड्या ताऱ्यात एक अडचण असते. अंधारात टक लावून पाहत राहिलं की तांबडा तारा अधिकाधिक ठळक भासू लागतो. म्हणून टक लावायची नाही. काक्षीवर क्षणभर नजर, मग रोहिणीवर, मग प्रश्वावर, पुन्हा काक्षीवर. रोहिणीही तांबूस, त्यामुळे ती जोडी जास्त विश्वासाची. मी तीनदा फेऱ्या मारतो, तिन्ही आकडे लिहितो आणि मधला घेतो. आदल्या रात्रीचा आकडा बघण्याआधी आजचा लिहून टाका, नाहीतर हात आपोआप तोच आकडा उतरवतो.

वहीतली नोंद एवढीच: तारीख, रात्री १०:०५, काक्षी ०.६, तुलना ०.४ आणि ०.९, चंद्र नाही, आग्नेयेला धूसर, दव भरपूर.

या छोट्या नोंदीला किती किंमत आहे ते २०१९-२० च्या हिवाळ्यात कळलं. ऑक्टोबरपासून काक्षी उतरायला लागला आणि फेब्रुवारीच्या मध्याला १.६ वर आला. मृगाचे दोन्ही खांदे सारखे दिसत होते. डाव्या-उजव्या खांद्यात ठळक कुठला, हे ठरवायला विचार करावा लागत होता. लहानपणापासून मृग बघणाऱ्या माणसालाही असं आभाळ नवीन होतं. तारा आता फुटणार की काय, अशी चर्चा जगभर झाली. पुढे चिलीतल्या मोठ्या दुर्बिणींच्या फोटोंवरून समजलं की ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ झाली, पृष्ठभागाचा एक भाग थंडावला, आणि त्या दोहोंनी मिळून तेज झाकलं. हा उतार जगाच्या लक्षात आला त्यात नुसत्या डोळ्यांनी नोंदी ठेवणाऱ्या हौशी निरीक्षकांचा वाटा मोठा होता.

एका रात्रीत बदलणारा: अलगोल

काक्षीला धीर लागतो. एका बैठकीत बदल बघायचा असेल तर ययाती या तारकासमूहातला अलगोल घ्या. एरवी २.१ प्रतीचा असतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो उतरत उतरत ३.४ वर जातो आणि पुन्हा चढतो. उतरायला पाच तास, चढायला पाच तास. ते दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, आणि फिका जोडीदार ठळकाच्या पुढे आला की आपल्याला मिळणारा प्रकाश तिसऱ्या हिश्श्यावर येतो. १७८३ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन गुडरिक या कर्णबधिर मुलाने हा क्रम जगापुढे मांडला तेव्हा तो जेमतेम अठरा वर्षांचा होता. एकविसाव्या वर्षी तो वारला. तेवढ्यात त्याने वृषपर्वातल्या डेल्टा सेफेई या ताऱ्याचंही तेज बदलतं हे शोधलं होतं, आणि त्याच जातीच्या ताऱ्यांवरून पुढे हेन्रिएटा लेविटने १९१२ मध्ये जो नियम मांडला त्यातून दीर्घिकांची अंतरं काढता येऊ लागली.

अलगोलसाठी तुलनेचे तारे: ययातीतलाच मिरफाक १.८, देवयानीच्या टोकाचा अलमाक २.१, ययातीतले एप्सिलॉन २.९ आणि डेल्टा ३.०, त्रिकोणातला अल्फा ३.४. जवळच एक तांबूस तारा आहे, ऱ्हो. तो स्वतःच तेज बदलतो, त्याच्याशी तुलना करू नका. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी अलगोल उत्तरेकडे ६५ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे उंचीची काळजी नाही. किमान तेजाच्या वेळा आधीच्या हिशेबाने काढता येतात: आज रात्री दहाला तळ गाठला, तर तीन दिवसांनी संध्याकाळी ६:४९ ला पुन्हा गाठेल. त्यानंतरचा तळ दिवसाउजेडी जातो. म्हणून सोयीच्या रात्री गटाने येतात, त्या पंचांगासारख्या आधीच लिहून ठेवाव्यात. तळाच्या दोन तास आधीपासून दर वीस मिनिटांनी प्रत काढा आणि कागदावर आलेख मांडा. आपल्या हाताने काढलेल्या टिंबांतून खोलगट वळण उमटताना बघितलं की पुढच्या रात्रीची ओढ लागते. निदान मला लागली.

कॅमेऱ्याने

डोळा दशांशाला थांबतो. साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याने काळजी घेतली तर त्याच्याही पुढे जाता येतं. मोबाइलने मला समाधानकारक आकडे मिळालेले नाहीत, कारण तो फोटो स्वतःच सजवतो. कॅमेऱ्यात रॉ फाइल घ्यायची; तिच्यात सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाचा आकडा जसाच्या तसा असतो.

५० मिमीची लेन्स, ट्रायपॉड, आयएसओ ४०० च्या आसपास, पाच सेकंदांचा फोटो. फोकस मुद्दाम थोडा बिघडवा. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण टोकदार फोकसमध्ये ठळक ताऱ्याचा सगळा प्रकाश मोजक्या पिक्सेलवर पडतो, ते भरून वाहतात आणि त्यापुढची मोजणी वाया जाते. तारा छोट्या गोल ठिपक्याएवढा पसरला की बरा. लगेच दहा फोटो घ्या आणि सरासरी काढा; तारा लुकलुकतो तो त्यात निघून जातो. लेन्सवर टोपण लावून तेवढ्याच वेळेचे काही काळे फोटोही घ्या, ते सेन्सरचा स्वतःचा गोंगाट वजा करायला लागतात. आपल्याकडे डिसेंबरातही लेन्सवर दव बसतं आणि ते डोळ्यांना कळण्याआधी फोटोत तेज कमी करतं. मी दर काही मिनिटांनी लाल उजेडात काच तपासतो.

घरी आल्यावर अॅस्ट्रोइमेजजे सारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ताऱ्याभोवती एक वर्तुळ काढायचं. आतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज. बाहेर दुसरं कडं काढायचं, त्यातून रिकाम्या आभाळाचा उजेड किती ते मिळतं, तो वजा. उरला तो ताऱ्याचा प्रकाश. फोटोतले फक्त हिरवे पिक्सेल घ्या, कारण ज्योतिर्विद ज्या पिवळट-हिरव्या गाळणीतून प्रती मोजतात, जिला व्ही म्हणतात, तिच्या सर्वांत जवळ तेच येतात. जॉन्सन आणि मॉर्गन यांनी १९५३ मध्ये जांभळ्यापलीकडची, निळी आणि ही व्ही अशा तीन गाळण्यांची पद्धत बसवली. निळ्या गाळणीतली प्रत आणि व्हीमधली प्रत यांतला फरक म्हणजे ताऱ्याचा रंग. व्याधासाठी तो शून्याच्या आसपास, काक्षीसाठी सुमारे १.८५. म्हणजे गाळणी कुठली ते सांगितल्याशिवाय प्रतीचा आकडा अर्धवट राहतो.

पुढचं गणित एका ओळीचं आहे. दोन ताऱ्यांच्या प्रकाशाचं गुणोत्तर घ्यायचं, त्याचा (१० पायाचा) लॉग काढायचा, त्याला उणे २.५ ने गुणायचं. आला तो प्रतींतला फरक. समजा अलगोलची बेरीज मिरफाकच्या बरोबर निम्मी आली. ०.५ चा लॉग उणे ०.३०१, गुणिले उणे २.५, म्हणजे ०.७५. मिरफाक १.७९, तर अलगोल २.५४. त्याच फोटोत डेल्टा हाही असतो, त्याची प्रत याच रीतीने काढा. ती ३.०१ च्या आसपास आली तर तुमचा आकडा खरा. नाही आली तर ढग, दव किंवा भरलेले पिक्सेल, काहीतरी आडवं आलंय. तो फोटो सोडून द्या. असा पडताळणीचा तारा न घेता आकडा पुढे पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिसतं ते आणि असतं ते

इथवर जे मोजलं ती दृश्य प्रत, आपल्याला दिसणारी. तारा जवळ आहे म्हणून ठळक की मुळातच ठळक, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी सगळे तारे १० पार्सेकवर, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षांवर आणून ठेवले तर कसे दिसतील, असा हिशेब करतात. ती निरपेक्ष प्रत. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, हा नियम आणि ताऱ्याचं अंतर एवढंच लागतं. अंतर पृथ्वीच्या सहा महिन्यांच्या हालचालीमुळे तारा जागेवरून किती सरकलेला दिसतो त्यावरून काढतात. २०१३ मध्ये सोडलेल्या गाया यानाने एक अब्जाहून जास्त ताऱ्यांचं हे मोजमाप केलं.

त्या आपल्या जोडीचंच बघा. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर, निरपेक्ष प्रत १.४. अगस्ती सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर, निरपेक्ष प्रत उणे ५.६ च्या आसपास. सात प्रतींचा फरक, म्हणजे शेजारी शेजारी ठेवले तर अगस्ती व्याधाच्या सहाशे पट. आपला सूर्य त्या अंतरावर ४.८ प्रतीचा, म्हणजे मृगातल्या फिक्या ताऱ्यांत हरवून जाईल असा. अगस्ती उगवला की पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळतं, असं जुनी माणसं म्हणतात. त्या ताऱ्याचा हा आवाका त्यांना माहीत असता तर त्यांनी आणखी काय काय त्याच्या नावावर लावलं असतं, कोण जाणे.

नोंद पाठवताना

१९११ मध्ये स्थापन झालेली एएव्हीएसओ ही अमेरिकेतली संस्था जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी घेते आणि ताऱ्यांचे नकाशेही देते. त्या नकाशांवर प्रतीच्या आकड्यात दशांशचिन्ह नसतं, कारण ते टिंब तारा समजलं जाईल. ३४ लिहिलं असेल तर ३.४ वाचायचं. वेळ ज्युलियन दिनांकात, म्हणजे दिवसांच्या सलग मोजणीत, देतात. तो ग्रीनिचच्या दुपारी बदलतो, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला. त्यामुळे आपली पूर्ण रात्र एकाच दिनांकात बसते, मध्यरात्रीनंतर तारीख बदलण्याचा घोळ होत नाही. सोबत कुठले तुलनातारे वापरले ते लिहा, नुसती प्रत अपुरी पडते. चंद्र, धूर, ढग यांची खूणही द्या.

आणि तारा दिसलाच नाही, तरी नोंद होते. तिमिंगलातला मीरा ३३२ दिवसांच्या फेऱ्यात कधी तिसऱ्या प्रतीपर्यंत चढतो, कधी नवव्यापर्यंत उतरून डोळ्यांना पूर्ण नाहीसा होतो. ज्या रात्री तो दिसत नाही, त्या रात्री त्याच्या आसपासचा दिसू शकलेला सर्वांत फिका तारा शोधा. तो ५.२ प्रतीचा असेल, तर "५.२ पेक्षा फिका" असं लिहून पाठवा. ती नोंदही आलेखात बसते, आणि मीरा कधी परत येऊ लागला ते काढताना तीच उपयोगी पडते.